नदीपलीकडची वीज

किनुए कधी एका जागी स्वस्थ बसली आहे, असं युई गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. जेवताना तिचा पाय हलायचा. टपाल कचेरीत रांगेत उभी असली की हातातल्या किल्ल्या वाजवायची. देवळात डोळे मिटून हात जोडले तरी क्षणात एक डोळा उघडून घंटेची दोरी झिजली आहे का ते बघायची. नवरा कोळंबीच्या होडीवर, रात्रभर समुद्रात आणि दिवसभर झोपलेला. या बाईशी संसार टिकला तो आपण दिवसा झोपतो म्हणूनच, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती ते खोडून काढायची नाही.

अशा या पायाला भिंगरी लागलेल्या बाईला एकच गोष्ट बसवून ठेवू शकायची, ती म्हणजे शांतता. अँप्लिफायर चालू करायचा, गाणं लावायचं नाही, आणि झाकणाला कान लावून बसायचं. आत काही वाजत नाही ना, एवढंच ऐकायचं. तेव्हा मात्र ती हलायची नाही, आणि तिला पगार मिळायचा तो त्याचाच.

इसोगाईंचा कारखाना म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या मळ्याखाली पत्र्याची एक लांबट शेड. महिन्याला मोजके अँप्लिफायर बाहेर पडायचे. एकेकाची किंमत ऐकून गावातली माणसं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. आकृती मालक स्वतः काढायचे, जोडणी तीनचार माणसं करायची. आतला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन बाकीच्या भागांना वाटून देणारा तारांचा जड गोळा, वाराशिना नावाचा म्हातारा आपल्या घरामागच्या खोपटात हाताच्या यंत्रावर गुंडाळून आणून द्यायचा. सगळ्यात शेवटी किनुए. तिने ऐकलं आणि तपासणीच्या चिठ्ठीवर आपल्या नावाचा लाल शिक्का उठवला, की खोका बंद.

गिऱ्हाईकही तसंच नगास नग. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला ‘किंचित’ हा शब्द कळत नाही. एकाने आवाजाच्या बटणावरची रेघ मध्यावर यायच्या ऐवजी केसभर डावीकडे येते म्हणून अख्खी पेटी परत धाडली होती. मालक चिडले, भिंग घेऊन बसले, आणि ती खरंच केसभर डावीकडे येत होती. मग मिठाईचा खोका घेऊन मालक त्याच्या दारात जाऊन कमरेत वाकून आले. या धंद्यात चूक जितकी बारीक तितकं जास्त वाकावं लागतं.

आता युईला वीज साठची. फुजी नदी ओलांडली की पन्नासची. सेकंदाला विजेचे हेलकावे इकडे साठ आणि तिकडे पन्नास, देशाचे असे दोन तुकडे कोण्या काळी झाले ते झाले, आणि त्यांची शिवण नेमकी या नदीवरून जाते. पूर्वी मुलगी नदीपलीकडे दिली की तिच्याबरोबर दिलेलं धुण्याचं यंत्र तिकडे जाऊन आळशी व्हायचं, आणि सासरची माणसं माहेरच्या नावाने बोटं मोडायची. आता बाजारातलं काहीही दोन्हीकडे चालतं, त्यामुळे लोक ते विसरले. ट्रान्सफॉर्मर मात्र विसरत नाही. साठवर मुका असलेला गोळा पन्नासवर कुरकुरू शकतो.

म्हणून इसोगाईंच्या वडिलांपासून एक रीत होती. प्रत्येक पेटी व्हॅनमध्ये घालायची, पूल ओलांडून फुजी शहरात न्यायची, आणि तिथे मालकांची थोरली बहीण फुसा राहायची, तिच्या मागच्या खोलीत भिंतीला लावून ऐकायची. साठची पन्नास करून देणारी यंत्रं मिळतात. पण म्हाताऱ्या इसोगाईंचं म्हणणं, यंत्रातून निघालेली पन्नास ती पन्नासच नव्हे, लोकांच्या भिंतीतली पाहिजे. किनुएला ही रीत मनापासून आवडायची. त्या निमित्ताने बाहेर पडायला मिळायचं, पुलावरून वारा खायला मिळायचा आणि फुसासानच्या हातचं मुळ्याचं लोणचं मिळायचं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. मालकांनी नव्या अँप्लिफायरचा घाट चपटा केला, कारण लोकांना आता जाड पेट्या नको होत्या. आणि फुसासानने जुनं घर विकलं, मुलीच्या शेजारी फ्लॅट घेतला.

"फुसाताई नव्या घरी गेलीय," मालक म्हणाले. "हा पत्ता. शहर तेच, फुजीच. मोकळी खोली ठेवलीय तुझ्यासाठी."

किनुए गेली. रस्ता जवळचा निघाला, पुलावरची गर्दी चुकली, तिला बरंच वाटलं. पेटी भिंतीला लावली, कान लावला, शांत. शिक्का. पुढची पेटी, शांत. शिक्का. नव्या अँप्लिफायरची सगळी खेप तिने अशी डोळ्यात तेल घालून ऐकून पार केली.

मग फोन यायला लागले. पहिला निइगाताहून. हाशिझुमे नावाचे निवृत्त दंतवैद्य, शेजाऱ्यांच्या घरातून फिरून आलेली मळकी वीज नको म्हणून अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारलेला माणूस.

"इसोगाईसान, तुमची पेटी गुणगुणतेय."

"मोठ्याने का हो?"

"मोठ्याने असती तर शहाण्यासारखी दुकानदाराच्या गळ्यात मारली असती. बारीक गुणगुणतेय. म्हणून तर झोप लागत नाहीये मला."

पेटी परत आली. कारखान्यात लावली. दगडासारखी गप्प. परत पाठवली. दोन दिवसांत फोन, गुणगुणतेय. मग सेंदाईहून एक, तोक्योच्या बाहेरून एक. ओसाकाकडचे, क्यूशूकडचे मजेत गाणी ऐकत होते. सगळी रड पूर्वेकडची आहे हे मालकांना दिसत नव्हतं अशातला भाग नाही. पण पन्नासवर तर किनुए ऐकून आली होती, चिठ्ठीवर तिचा शिक्का होता, आणि किनुएच्या शिक्क्यावर शंका घेणं म्हणजे मालकांच्या दृष्टीने सूर्य कुठून उगवतो यावर शंका घेणं. मग उरलं काय? वाटेत हादरे बसून वेढे सैल पडत असतील. म्हणजे वाराशिना.

शुक्रवारी दुपारी मालकांनी त्याला बोलावून घेतलं. किनुए कोपऱ्यात पेट्या पुसत होती.

"वाराशिनासान, मंगळवारी निइगाताला जाऊन येऊ. दोघं," मालक टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले. "तुम्ही शेजारी असलात तर बरं दिसेल."

"बरं," म्हातारा म्हणाला. "मिठाई कुठली न्यायची?"

"योकान घेऊ."

"दंतवैद्याला गोड?"

"मग काय खारवलेली कोळंबी देऊ माफी मागताना?"

दोघंही थोडं हसले. मग मालकांनी घसा साफ केला. "आणि पुढच्या खेपेपासून ट्रान्सफॉर्मर बाहेरच्या कारखान्यातून गुंडाळून घ्यावेत म्हणतो. तुमचंही वय झालं. थंडीत त्या खोपटात गारठा असतो."

"असतो खरा गारठा," वाराशिना म्हणाला, टोपी घातली आणि बाहेर पडला.

किनुएला राहवलं नाही. ती फडकं हातात घेऊनच त्याच्या सायकलीमागे धावली.

"अहो, काही बोलायचं तरी! पस्तीस वर्षं तार गुंडाळताय, एक वेढा कधी सैल गेलाय का तुमचा?"

वाराशिनाने सायकल थांबवली. "तू ऐकलंस ना पन्नासवर?"

"ऐकलं."

"गप्प होतं?"

"एकदम गप्प."

"मग संपलं. तुझा कान खोटं बोलत नाही. म्हणजे माझी तार खोटी." आणि पायडल मारून गेला.

शनिवारी किनुए दुसऱ्या खेपेतली पेटी घेऊन फुसासानकडे गेली ती ही खंत पोटात घेऊनच. फुसासान ऐंशीच्या पुढची, पण कंबर ताठ. आयुष्यभर नाच शिकलेली आणि शिकवलेली. घर बदलल्यापासून तिचा जुना रेकॉर्ड प्लेअर खोक्यातच पडून होता. लग्नात मिळालेला, लाकडी, झाकणाचा. या आठवड्यात जावयाने तो बाहेर काढून लावून दिला होता.

"बस गं. तुझी पेटी काही पळून जात नाही. आधी माझा नाच बघ आणि खरं सांग," फुसासान म्हणाली. "मुलगी खोटं बोलते. म्हणते, छान झाला."

सुई टेकली. चहाच्या मळ्यातलं जुनं गाणं सुरू झालं. फुसासानने पंखा उघडला, पाऊल टाकलं, वळली, आणि वळता वळता मागे पडली. पुढच्या कडव्याला तिने घाई केली, पाय अडखळला, हात सावरला. गाणं संपलं तेव्हा तिचा पंखा अजून वर होता.

"बघितलंस?" ती धापा टाकत खाली बसली. "गाणं माझ्या आधी संपतं. जुन्या घरी असं होत नव्हतं. घर बदललं आणि म्हातारपण पुढ्यात येऊन बसलं. ऑक्टोबरच्या कार्यक्रमातून नाव काढा म्हणून कालच कळवलंय मी."

किनुएचा हलणारा पाय थांबला होता. हे गाणं तिने जुन्या घरी कितीतरी वेळा ऐकलं होतं. ती गायिका जाडसर, घोगऱ्या आवाजाची. आज तीच बाई कोवळ्या पोरीसारखी, वर वर गात होती.

"पुन्हा लावा," किनुए म्हणाली.

पुन्हा लावलं. शंकाच नको. गाणं पळत होतं. त्या जुन्या प्लेअरची मोटर भिंतीतली वीज जशी हलेल तशी फिरायची, तिला स्वतःची अक्कल नव्हती. पन्नासच्या घरात तो बरोबर चालायचा. इथे जोरात चालत होता.

"फुसासान, नदी कुठल्या बाजूला आहे हो?"

"ही काय, समोर. सकाळी सूर्य तिच्यावरच तर उगवतो."

किनुए गच्चीत गेली. समोर पूर्वेला फुजी नदीचं रुंद पात्र, पलीकडे कागद गिरण्यांची धुराडी. म्हणजे ती अजून नदीच्या अलीकडेच होती. पुलावरची गर्दी चुकली म्हणून खूश झालेली ही शहाणी महिनेच्या महिने पूल ओलांडतच नव्हती. नदीअलीकडचं हे गाव काही वर्षांपूर्वी फुजी शहरात विलीन झालं. पाट्या बदलल्या, पत्ते बदलले. विजेचे खांब होते तसेच राहिले. आणि फुजी म्हणजे पन्नास, हे लहानपणापासून डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की तिलाही कळलं नाही आणि मालकांनाही. कारखान्यात साठवर ऐकलेलं तेच तिने इथे येऊन पुन्हा साठवर ऐकलं होतं आणि खाली पन्नासचा शिक्का मारला होता.

"काय गं, भूत बघितलंस का?" फुसासानने विचारलं.

आता इथे किनुएने तोंड उघडायला हवं होतं. फुसासान, तुम्ही म्हाताऱ्या झाला नाहीत, गाणं पळतंय, एवढं म्हटलं असतं तरी त्या बाईच्या जिवावरचं ओझं उतरलं असतं. पण फुसासानला सांगितलं की संध्याकाळी भावाला फोन जाणार, आणि मग सगळं बाहेर येणार. किनुए घाबरली. साफ घाबरली. "काही नाही, जरा चक्कर आली," म्हणाली, चहा संपवला, लोणच्याचा डबा घेतला आणि शिक्का पिशवीतून न काढताच पेटी उचलून निघाली.

पूल ओलांडला तो सरळ. पलीकडे नदीकाठच्या मैदानात म्हातारे लोक लाकडी हातोडे घेऊन चेंडू जमिनीत रोवलेल्या छोट्या कमानींतून मारत होते. त्यांच्या क्लबच्या खोलीत घुसून तिने विचारलं, "जरा वीज वापरू का? दोनच मिनिटं."

"घ्या की. भात शिजवताय?"

तिने पेटी लावली आणि गुडघ्यावर बसून झाकणाला कान टेकला. आत, खूप आत, बारीक गुणगुण होती. कोणीतरी ओठ मिटून जांभई द्यावी तेवढीच.

"काय हो, पोटात बाळ आहे का?" एक म्हातारा म्हणाला आणि सगळे खिदळले.

"आहे," किनुए म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते सगळे चपापून बाहेर गेले.

रविवार कसा गेला ते तिचं तिलाच माहीत. सकाळी उठून तिने स्वयंपाकघरातल्या फळ्या काढून धुतल्या. अंगणातलं गवत उपटलं, मग गवत नव्हतं तिथली फुलंही उपटली. मालकांना फोन करायचा म्हणून तीनदा हात पुढे गेला. आज रविवार, मालकांना घरी कशाला त्रास, उद्या सकाळी समोरासमोर सांगू, असं मनाला बजावलं. पण मनाचं काय, त्याला खरं कारण ठाऊक होतं. आणखी एक दिवस तिला जुनी किनुए राहायचं होतं, जिच्या कानावर अख्खा कारखाना डोळे मिटून विसंबतो ती.

नवरा उठून बसला. "पोट दुखतंय का तुझं?"

"नाही."

"मग ते फडकं खाली ठेव. माझा पायच पुसतेयस मघापासून."

दुपारी भंगार गोळा करणारी छोटी गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. जुने टीव्ही, जुन्या सायकली, बंद पडलेलं काहीही, दारात येऊन नेऊ, असं गोड आवाजात सांगत सांगत ती डोंगराच्या बाजूला वळली. किनुएला त्या आवाजाचा राग आला आणि तिने खिडकी धाडकन लावून घेतली.

सोमवारी ती कारखान्यात पोचली तेव्हा मालक अंगण झाडत होते. "मालक, माझं चुकलं," ती म्हणाली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फ्लॅट, नदी, पळणारं गाणं, मैदानातली गुणगुण. मालक झाडू घेऊन एका पालथ्या खोक्यावर बसले.

"पत्ता मीच दिला तुला," ते म्हणाले. "शहर तेच म्हणून मीच सांगितलं. आणि पेटी चपटी व्हावी म्हणून ट्रान्सफॉर्मर एक माप लहान मीच केला. पन्नासवर ऐकलं असतंस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, की लहान केलेला चालत नाही. वाराशिनाने मी काढून दिलं तसंच गुंडाळलं."

मग त्यांनी बहिणीला फोन लावला. पलीकडचा आवाज किनुएला दूर उभी असूनही ऐकू आला.

"म्हणजे मी म्हातारी झालेच नाही?"

"झालीस, ताई. पण एवढी नाही."

"मेल्यांनो! कार्यक्रमातून नाव काढलं ना मी! थांब, आधी तिकडे फोन करते," आणि फोन आपटला.

दोघं चालत वाराशिनाकडे गेले. तो दारात बसून शेंगा सोलत होता. मालक त्याच्यापुढे इतके वाकले की टोपी खाली पडली. चूक कुणाची ते सांगितलं, निइगाताला आता मी आणि किनुए जाऊ म्हणाले, ट्रान्सफॉर्मर पुन्हा मोठा करू, आणि तो तुम्हीच गुंडाळायचा. वाराशिनाने सगळं ऐकून घेतलं. मग उठला आणि खोपटाचं दार उघडलं.

आत तारांची रिळं होती, स्टूल होतं, दिवा होता. मधोमध सिमेंटवर एक चौकोन होता, बाकीच्या जमिनीपेक्षा स्वच्छ.

"काल भंगारवाला आला होता," वाराशिना म्हणाला. "म्हटलं, मंगळवारी वाकून आल्यावर पुन्हा त्या यंत्राचं तोंड बघायला नको. देऊन टाकलं." मग तो किनुएकडे वळला. "तुला कधी कळलं?"

मालकांनीही हे विचारलं नव्हतं. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं?

"शनिवारी," ती म्हणाली.

"शनिवारी."

"हो. काल दिवसभर मी घरीच होते. ती गाडी माझ्या दारावरून गेली. मी खिडकी लावून घेतली."

वाराशिना पुन्हा दारात जाऊन बसला. सोललेली शेंग त्याने पुन्हा सोलली. मालक त्याच्याकडे बघेनात आणि किनुएकडेही बघेनात. किनुएला वाटलं, याने शिव्या घालाव्यात, शेंगांचं टोपलं अंगावर फेकावं, काहीही करावं. पण तो शेंगा सोलत राहिला आणि ती उभी राहिली, तिचा पायही हलला नाही.

"गाडीवर काही नाव होतं?" अखेर तिनेच विचारलं.

"नाव बघायला मी काय त्याच्याशी सोयरीक करणार होतो? पूर्वेकडचा नंबर होता."

"मग नदीपलीकडचं भंगार आवार. मी जाते."

"तू ओळखणार कशी? यंत्र म्हणून तिथे डोंगर पडलेत." तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "गाडी काढ."

नदीच्या पात्रात कोळंबी वाळत घातली होती, गुलाबी चादरी अंथरल्यासारखी. एरवी किनुए तिथे गाडी हळू करायची. आज तिने नजर रस्त्यावरून काढली नाही. पूल लागला, संपला. पन्नासची वीज आली.

आवारात धुण्याच्या यंत्रांचा आणि सायकलींचा खच पडला होता. तिथल्या माणसाने हात दाखवला, कालचा माल तिकडे. वाराशिना वाट काढत पुढे गेला आणि एका उलथ्या फ्रिजपाशी थांबला. त्याचं यंत्र आडवं पडलं होतं, काळं, ठेंगणं, मुठीपाशी हाताने झिजून चकचकीत झालेलं. कुणीतरी ते गाडीवरून तसंच ढकललं होतं. दोघांनी मिळून उभं केलं. वाराशिनाने मूठ धरली आणि हळूहळू फिरवली.

"ऐक," तो म्हणाला.

किनुए चिखलात गुडघ्यावर बसली, चाकापाशी कान नेला.

"घासतंय."

"कुठे?"

"डाव्या बाजूला. प्रत्येक फेरीला एकदा."

"फार?"

"नाही. बारीक."

वाराशिना तिच्याकडे बघत राहिला. "शनिवारपासून माझ्यावरचा आळ खोटा आहे हे ठाऊक होतं तुला," तो म्हणाला. "आज माझं एक काम कर. एवढ्यातेवढ्याला काही होत नाही म्हण आणि पास कर. मी घरी घेऊन जातो. तुझं माझं मिटलं."

किनुएला वाटलं, म्हणून टाकावं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी गोष्ट पास करायची इतकी तहान लागली होती. तो मूठ फिरवतच होता आणि ती ऐकत होती, फेरी, घास, फेरी, घास.

"नाही," ती म्हणाली. "पास नाही. अशाने तार एका बाजूला चेपेल. आधी खोलून नीट करायला लागेल."

म्हाताऱ्याने मूठ सोडली. पाठ सरळ करत त्याने एक लांब श्वास घेतला, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले.

"हो म्हणाली असतीस ना, तर पुन्हा तुझ्या शिक्क्याकडे ढुंकून बघितलं नसतं मी," तो म्हणाला. "शनिवार मात्र विसरणार नाही. चल, त्या बाजूने उचल. आणि कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक. ते वाकणं उद्यासाठी राहू दे."